चेरीच्या मुळाशी बर्फ

तारापूरच्या किनाऱ्यालगतच्या त्या वसाहतीतलं चेरीचं झाड मी मारलं. हे वाक्य मी आजवर कुणापुढे उच्चारलेलं नाही, बायकोपुढेही नाही. लग्नाआधी मी काही वर्षं बोईसरला नोकरीला होतो एवढंच तिला ठाऊक आहे. त्या दिवसांचा विषय निघाला की मी उठून पाणी प्यायला जातो, हेही तिला ठाऊक असेल.

झाड मेलं याचं मला आता फारसं काही वाटत नाही. त्या दमट हवेत ते टिकलंच नसतं, असं पुढे एका जाणत्या माणसाने सांगितलं आणि मी ते फार आवडीने ऐकून घेतलं. पण त्या झाडाची देखभाल करणारा एक माळी होता. रोजंदारीवरचा. तो कायम होणार होता. त्याचं कायम होणं झाडाबरोबर गेलं, आणि ते घालवलं मी, चार माणसांसमोर, चांगल्या इंग्रजीत.

साठ साल मागे पडून बरीच वर्षं झाली होती. समुद्राकाठी अणुवीजकेंद्राचं बांधकाम जोरात चाललं होतं आणि त्यासाठी आलेल्या परदेशी इंजिनियरांचे बंगले सुरूच्या बनाजवळ उठले होते. मी घाटावरचा. एका ठेकेदाराच्या कचेरीत टायपिंग करत होतो. बोईसरला भाड्याची खोली होती, तिथून सायकलने जायचं. इंग्रजी बरं होतं, म्हणून एका परदेशी साहेबाच्या बाईंनी मला मागून घेतलं. माळ्याशी बोलायला त्यांना दुभाष्या हवा होता. दुपारचं जेवण झालं की अर्धा तास मी त्यांच्या बागेत उभा राहायचो. बाई इंग्रजीत सांगायच्या, मी मराठीत सांगायचो, माळी त्याच्या बोलीत उत्तर द्यायचा, मी ते परत इंग्रजीत न्यायचो.

तेव्हा माझा स्वभाव फार संशयी होता. आता नाही असं म्हणत नाही. किनाऱ्यावरची बोली मला नीट कळायची नाही, आणि दोन माणसं हसली की ती मलाच हसली असं मला वाटायचं. माळी त्याच किनाऱ्यावरच्या नवापूरकडचा होता. चाळिशीचा, बारीक, बोलघेवडा. मी त्याला मामा म्हणायचो, तो मला भाऊ. आपण कायम होणार, हे तो भेटेल त्याला सांगायचा. वसाहतीच्या सुपरवायझरने त्याला तसा शब्द दिला होता. "एकदा कायम झालो का मंग भावाच्या वाडीत राबाया नको," असं तो म्हणायचा. वडिलार्जित वाडी थोरल्या भावाकडे होती आणि हा तिथे जवळपास गड्यासारखाच राबत आला होता. त्याला दुसरं काही नको होतं.

चेरी आली ती रेल्वेच्या पार्सलने, उत्तरेकडच्या डोंगरातल्या कुठल्याशा रोपवाटिकेतून. ओल्या शेवाळात मुळं, वर गोणपाट, आणि त्यातून निघालेली हातभर उंचीची काळपट काठी. बाईंनी ती दोन्ही हातांवर घेतली, एखादं तान्हं मूल घ्यावं तशी. त्यांच्या गावी थंडी सरली की रस्त्याच्या दोन्ही अंगांना हीच झाडं फुलतात, आधी फुलं आणि मग पानं, असं त्या सांगत होत्या. परत जाण्याआधी इथे एकदा तरी ती फुलं बघायची होती त्यांना.

माळ्याने काठीकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"भाऊ, ही काठी हाय. बायला सांगा, कुंपनाला लावू. बकरी तरी अडल."

मी बाईंना सांगितलं, "तो म्हणतो, रोप चांगलं आहे."

इथेच सुरुवात झाली, हे मला आता दिसतं. दोघांच्या बोलण्याच्या कडा मी घासून गुळगुळीत करायचो. बाई वैतागून बोलल्या की मी ते गोड करून सांगायचो. माळ्याने टोमणा मारला की त्याचा नमस्कार करायचो. मला ती सभ्यता वाटायची. खरं म्हणजे दोघं माझ्यावर खूश राहत, आणि एकमेकांना ती दोघं माझ्यामुळे जशी ओळखत होती तशी ती नव्हतीच.

झाड लावलं ते मात्र नीट. पावसात मुळाशी पाणी साचू नये म्हणून बाईंनी मातीचा उंचवटा करून घेतला. माळ्याने नारळाच्या झापांचा आडोसा बांधला, म्हणजे दुपारचं ऊन अंगावर येऊ नये. खोडाला गेरू लावला. मुळाशी पेंढा पसरला. पहिल्या पावसाळ्यात ती काठी फुटली, दातेरी कडांची पानं आली, आणि बाईंनी त्या दिवशी मला आणि माळ्याला ओसरीवर बसवून केक दिला. माळ्याने अर्धा खाल्ला आणि उरलेला मुलीसाठी धोतराच्या सोग्यात बांधला.

त्या पानांवर किती जणांचा किती प्रकारचा संशय होता! गावात बोललं जायचं की ते झाड शोभेचं नाही. केंद्र सुरू झालं की हवा बिघडते का, हे बघायला लावलंय. झाड सुकलं की परदेशी साहेब आधी विमानात बसणार. हे मला माळ्यानेच सांगितलं.

"मामा, खरं वाटतं तुम्हाला?"

"मला काय, मी पानी घालतो. पन पान पिवला पडला का पोटात धस्स होते."

बाईंना वेगळाच संशय. एका सकाळी झाडाच्या बुडाशी मांजरं उकरत होती आणि बागेत कुजक्या मासळीचा वास सुटला होता. माळ्याने कुटा घातला होता, म्हणजे सुक्या मासळीचा चुरा, इकडचं नेहमीचं खत. पानवेलीला घालतात, केळीला घालतात, तो चेरीलाही घालून मोकळा झाला. बाईंना वाटलं, कुणीतरी मुद्दाम घाण टाकली. त्या झाडाशी कुणाचं तरी वाकडं आहे, असं त्या मला पहिल्यांदा तेव्हा म्हणाल्या. मी कुट्याचं समजावून सांगितलं, पण 'कुणाचं तरी वाकडं' हे शब्द त्यांनी मागे घेतले नाहीत.

आणि माझा संशय माळ्यावरच. कोठीतलं शेणखत कमी होतं असं मला वाटायचं. एका संध्याकाळी मी सायकल मुद्दाम त्याच्या मागे घेतली. त्याच्या खांद्यावर पोतं होतं आणि ते त्याने भावाच्या वाडीत रिकामं केलं. चोरी होती, खरोखरची. मी बाईंना सांगितलं नाही. दया म्हणून नव्हे. कधीतरी उपयोगी पडेल म्हणून जवळ ठेवलं.

दुसऱ्या वर्षी थंडी सुरू होता होता झाडाने सगळी पानं टाकली. माळी घाबरला. त्याच्या हिशेबी हिवाळ्यात झाड उघडं पडलं म्हणजे संपलं. बाई मात्र हसत होत्या. झाड झोपलंय म्हणाल्या. पण मग त्यांचं हसू कमी झालं. या झाडाला कित्येक आठवडे कडक थंडी लागते, ती मिळाली नाही तर कळ्या उघडत नाहीत, आणि इथे थंडी कुठली, असं त्या म्हणाल्या. त्या पुढच्या उन्हाळ्यात परत जाणार होत्या. गमतीने त्यांनी फ्रिजमधल्या बर्फाचे खडे आणून बुंध्याशी ठेवले. "हा तुझा हिवाळा," असं झाडाला म्हणाल्या. खडे आम्ही बोलत होतो तोवर विरघळले.

नाताळात साहेब आणि बाई आग्रा बघायला गेले. जाताना मला म्हणाल्या, झाडाकडे तुम्ही लक्ष ठेवा. 'तुम्ही' म्हणाल्या, 'माळ्याला सांगा' नाही म्हणाल्या. मला ते फार लागलं, चांगल्या अर्थाने. साहेबांची पुढची नेमणूक दुसऱ्या देशात होती आणि ते एखाद्या टायपिस्टाला बरोबर नेतील असं माझ्या मनाने घेतलं होतं. झाड फुललेलं बघून बाई नवऱ्याला सांगतील, हे याने केलं. इतकं मी रंगवलं होतं.

दुसऱ्याच दिवशी माळी म्हणाला, "भाऊ, भाताची झोडनी हाय. आठवडाभर नाय येत. बाय कुठं बघतेय."

"जा," मी म्हणालो. "विचारलं तर मी सांगेन." मला तो तिथे नकोच होता.

मी जवळच्या दांडी गावच्या कोळीवाड्यात गेलो. मासळीच्या पेट्या बर्फात भरून मुंबईला जायच्या, त्या भरण्याचं काम चाललं होतं. एका कोळणीला विचारलं, मावशी, थोडा बर्फ मिळेल का.

"कोनाचा मयत राखायचाय?"

"मयत नाही. झाडाला हवाय."

"झाडाला ताप आलाय काय रं?" म्हणून ती ओरडली आणि सगळ्या बायका हसल्या. तिच्या नवऱ्याने मात्र मला पोतंभर चुरा दिला. "ह्यो न्या. मीठ मारलाय. लय गार, दोन दिस हालनार नाय."

आता मी खरं लिहायला बसलोच आहे तर हेही लिहितो. 'मीठ मारलाय' हे मी ऐकलं होतं. बर्फात खडामीठ घातलं की तो जास्त थंड होतो, हे तो सांगत होता. माझ्या डोक्यात फक्त 'लय गार' राहिलं. मी शेतकऱ्याचा नातू, मिठाने झाडाचं काय होतं हे कळायला मला शाळेची गरज नव्हती. तरी मी ते पोतं सायकलला बांधलं, चेरीच्या मुळाशी गोल रिकामं केलं, वर पेंढा दाबला, आणि त्या आठवड्यात पुन्हा पुन्हा आणलं. हात लावला की माती गार लागायची. मला आनंद व्हायचा.

माळी परत आला तेव्हा पेंढ्याखाली पांढरी खपली धरली होती. त्याने चिमूटभर माती जिभेवर ठेवली आणि थुंकला.

"खारा झाला! भाऊ, कोनी केला हा?"

मी सांगितलं. सगळं. बर्फ, दांडी, कोळीण. तो मटकन खाली बसला आणि पोट धरून हसायला लागला. "तुमच्या घाटावर झाडाला मीठ घालतात काय? मंग हलद पन लावायची व्हती!" हसून झाल्यावर त्याचं तोंड एकदम उतरलं. कायम होण्याचं त्याच्या डोळ्यांसमोर आलं असावं. "बाय यायच्या आत ही माती काडू या. कोनाला बोलू नका. मी नव्हतो ते पन नका बोलू."

मग तो दिवसचे दिवस तिथेच होता. खारी माती टोपलीने काढायचा, मागच्या नाल्यापलीकडे टाकायचा, दुसरी माती आणून भरायचा, नळाचं पाणी घागरी घागरी ओतायचा. इतकं पाणी घातलं की उंचवट्याचा चिखल झाला. झाडाला जे मिठाने झालं नसेल ते पाण्याने झालं, असं मला पुढे कधी कधी वाटायचं, आणि असं वाटणं मला बरं वाटायचं. वसाहतीचा चौकीदार तेवढ्यात रजेवरून परतला होता, तो दुरून हे सगळं बघत होता.

बाई आल्या तेव्हा खोडातून डिंक गळत होता. कळ्या बोटाने दाबल्या की भुसा व्हायच्या. बाईंनी नखाने साल खरवडून पाहिली, आत तपकिरी. कोपऱ्यात उरलेली एक पांढरी खपली त्यांना सापडली. ती त्यांनी चाखली, आणि मी तिथे उभा होतो.

दुसऱ्या दिवशी ओसरीवर साहेब, बाई, वसाहतीचा सुपरवायझर आणि चौकीदार. सुपरवायझर मद्रासकडचा, चौकीदार उत्तरेकडचा. मराठी समजणारे आम्ही दोघंच, माळी आणि मी. चौकीदाराने आधीच सांगून टाकलं होतं, "साब, माली रोज मिट्टी खोदता था, टोकरी में भरके ले जाता था. हमने अपनी आँख से देखा." गावात बाईंच्या झाडाबद्दल काय बोलतात तेही त्याने सांगितलं होतं, चार गोष्टी जोडून.

बाई मला म्हणाल्या, "त्याला विचारा, त्याने मुळाशी काय घातलं. मी रागावणार नाही. मला फक्त खरं हवं आहे."

मी विचारलं. माळ्याला मोडकं हिंदी येत होतं. तो सुपरवायझरशी थेट बोलू शकला असता. पण तो माझ्याकडे वळला. मी होतो ना.

"भाऊ, तुमीच सांगा आता. बर्फ तुमी आनलात, मीठ त्यातला. मी माती काडली ती झाड वाचवाया. आनि तुमी मुद्दाम नाय केला, ते पन सांगा बायला. बाय समजंल."

मी इंग्रजीत म्हणालो, "तो म्हणतो, त्याने काहीतरी घातलं. काय ते नीट सांगत नाही. चूक झाली म्हणतो."

"मग माती का काढली?"

हा प्रश्न मी त्याला विचारलाच नाही. त्याच्याकडे बघून मराठीत काहीतरी पुटपुटलो, तो काहीतरी बोलला, मी सांगितलं, "लपवायला." आणि मग, कुणी विचारलेलं नसताना, "तो कोठीतलं खतही नेतो. मी स्वतः पाहिलं आहे." हे खरं होतं, आणि ते खरं होतं म्हणून आधीचं सगळं खरं झालं. साहेबांनी सुपरवायझरकडे पाहिलं. सुपरवायझरने मान हलवली.

बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. माळ्याला वाटलं, त्यांना आमची दया आली. तो हळूच मला म्हणाला, "सांगितलात ना सगला?"

"सांगितलं," मी म्हणालो.

इंग्रजीतल्या खोट्यापेक्षा हे एका शब्दाचं मराठीतलं खोटं मला जास्त छळतं.

सोमवारपासून येऊ नकोस, असं सुपरवायझरने त्याला सांगितलं. त्याला ते कळेना. माझ्या खोलीवर आला, दारात उभा राहिला. "मला वाटला दोगांना घालवतील. नायतर कोनालाच नाय. खताचा कलला काय त्यांना?" मी म्हणालो, कळलं असेल. तो पायात वहाणा सरकवून निघून गेला.

झाड उपटून टाकलं. बाई उन्हाळ्यात गेल्या. जाण्याआधी माझा हात हातात घेऊन म्हणाल्या की इथे विश्वास ठेवावा असं एकच माणूस मला भेटलं. साहेबांनी मला कुठे नेलं नाही. मीही पुढच्या वर्षी पुण्याला निघून आलो.

निघण्याआधी बोईसरच्या बाजारात माळी एकदा समोर आला. भावाच्या वाडीतली केळी विकायला बसला होता. मला बघून म्हणाला, "तुमची नोकरी रायली ना? बरा झाला." एवढंच. हे मनापासून होतं की त्याला सगळं समजलं होतं? मी ते वाक्य किती वेळा उलटसुलट करून बघितलं आहे. त्याच्या आवाजात टोमणा शोधतो, सापडत नाही. मग माझा संशय आणखी वाढतो. सापडला असता तर बरं झालं असतं.

मध्यंतरी पालघरला एका लग्नाला गेलो होतो. पंगतीत शेजारी नवापूरचा एक माणूस बसला. बोलता बोलता मी, जणू सहज, त्या माळ्याची चौकशी केली.

"तो? हाय की. म्हातारा झालाय. त्याला कोन वाडीत घेत नाय हो. हाताला मीठ हाय म्हनतात त्याच्या. गोऱ्या बायचा झाड त्यानी मीठ घालून मारला ना. पोरा पन त्याला चिडवतात." मग हसून म्हणाला, "म्हातारा अजून सांगतो, मी नाय केला, भाऊला इचारा. कोन भाऊ देव जाने."

मी पानावरून उठलो, हात धुतले, आणि पुण्याची गाडी धरली. नवापूर तिथून फार लांब नव्हतं.

त्यालाही काही वर्षं झाली. माझी पन्नाशी उलटली. मी अजून गेलेलो नाही. जाऊन काय करायचं हे मला पक्कं माहीत आहे. त्याने त्या ओसरीवर मला जे सांगितलं होतं, ते जसंच्या तसं त्याच्या गावातल्या लोकांसमोर, तो ऐकत असताना, सांगायचं. आणि बर्फ मी आणला होता हे सांगायचं. एवढं मी त्याचं देणं लागतो, आणि ते दिलेलं नाही.